गावाचे मानकरी आणि आपल्या जुन्या चोपड्या

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘बेळगाव शहर व त्याचे मानकरी’ या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभा जन्म तांदूळ, ज्वारी आणि तूर यांच्या पोत्यांत गेलेला. लेखणी हाती धरली ती जमा आणि नावे लिहिण्यापुरती. इतिहास लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा. परंतु मंडळाचा आग्रह मोडवेना. शिवाय एक गोष्ट मनास लागून राहिली आहे, ती आपल्या माणसांपुढे एकदा मांडावी, असेही वाटले. म्हणून हा प्रपंच.

आपल्या शहरास मानकऱ्यांची वाण नाही. वेणुग्राम या जुन्या नावापासून आरंभ केला, तर सौंदत्तीचे रट्ट राजे आठवतात, देवगिरीचे यादव आठवतात. १४७२ साली हे शहर बहामनी राज्यास जोडणारा महमूद गावान आणि त्यानंतरचा आदिलशाही सरदार असदखान लारी आठवतो, ज्याची साफा मशीद किल्ल्यात आजही उभी आहे. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि छावणीचे शहर वाढू लागले. ही सारी नावे शाळेच्या पुस्तकांतून मुलांना सांगितली जातात, आणि ती सांगितली जावीत हे योग्यच आहे. परंतु राजा आला आणि राजा गेला, त्या सर्व काळात या गावाची चूल कोणी पेटती ठेवली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही धान्याचे व्यापारी असल्यामुळे आमच्या मनात तो वारंवार येतो.

या प्रश्नाचे एक उत्तर किल्ल्यातच आहे. कमल बस्तीच्या मंडपात उभे राहून मान वर करावी. काळ्या दगडातून उमललेले कमळ छतातून खाली झुकलेले दिसते. त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांच्या चोविशी. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथांची मूर्ती आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी आजीचे बोट धरून हे कमळ पाहिले असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या कारकिर्दीत त्याचा मंत्री बिचिराज याने बांधविलेल्या रट्ट जिनालयाविषयी १२०४ सालचे दोन शिलालेख आहेत. राजा, त्याचा बंधू मल्लिकार्जुन, मंत्री आणि दान स्वीकारणारे शुभचंद्र भट्टारक यांची नावे त्यांत कोरलेली आहेत. पण आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती पुढची नोंद. येथील व्यापाऱ्यांनी एकत्र बसून, आपापल्या मालावर जिनालयासाठी ठराविक लाग देण्याचे कबूल केले, असे त्यात नमूद आहे. त्या सभेत केवळ गावचे दुकानदार नव्हते. लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडील, आणि मलयाळ देशाचे व्यापारीही होते.

वाचकहो, आपल्या संघाच्या वार्षिक सभेचे हे आठशे वर्षांपूर्वीचे रूप नव्हे काय? परप्रांतातून आलेला व्यापारी आणि गावचा व्यापारी एका बैठकीवर बसतात, धर्मकार्यासाठी मालामागे काय द्यावयाचे ते ठरवितात, आणि ठरले ते दगडावर कोरून घेतात. ते कोरून घेतले, म्हणूनच आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. हे दोन्ही शिलालेख सध्या लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या पूर्वजांच्या ठरावाचा मूळ दगड पाहण्यास साता समुद्रापलीकडे जावे लागते, याची खंत वाटते. तरी तो दगड शाबूत आहे आणि विद्वानांनी तो वाचला आहे, एवढे समाधान आहे. आमच्या स्वतःच्या घरी जे घडले, त्यात तेवढेही समाधान उरलेले नाही. ते पुढे सांगू.

आता अलीकडच्या मानकऱ्यांकडे वळू. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात येथे आले, तेव्हा त्यांनी प्रथम भाटे यांच्या घरी आणि मग जंगल खात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे मुक्काम केला. हा तपशील आपणास माहीत आहे, याचे कारण भाटे यांच्या चिरंजीवांनी आणि मित्र यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. शिरसंगीचे देसाई लिंगराज १९०६ साली वारले. त्यांनी आपली इस्टेट विद्यादानासाठी लेखी करून ठेवली, म्हणून त्यांचे नाव आज महाविद्यालयावर आहे आणि त्यामागची इच्छा कोणास नाकारता येत नाही. १९१६ साली सात शिक्षकांनी मिळून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी उभी केली. त्या सातांना लोक सप्तर्षी म्हणतात. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ काढला. त्या वेळच्या बेळगावचे सुखदुःख त्याच्या अंकांतून वाचावयास मिळते.

आपल्या समाजापुरते बोलावयाचे, तर अण्णासाहेब लठ्ठे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. जन्म १८७८ चा, कुरुंदवाडचा. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरीणांपैकी ते एक. बेळगावात त्यांनी वकिली केली, कोल्हापूर संस्थानचे दिवाणपद सांभाळले, आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. दुसरे नाव डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे. सदलगा या आपल्या जिल्ह्यातील गावी १९०६ साली जन्मलेला हा मुलगा प्राकृत भाषेचा जगन्मान्य पंडित झाला, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. आणि विद्वत्ता, अधिकार यांपैकी काही नसतानाही मराठी माणसाच्या जिभेवर राहिलेले एक नाव म्हणजे कृष्णराव हरिहर. बेळगावच्या या थिएटरवाल्या रावसाहेबांना पु. ल. देशपांडे भेटले आणि ‘गणगोत’ या पुस्तकात ते कायमचे जाऊन बसले.

या सर्वांत समान धागा कोणता, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कोणी राजा, कोणी मंत्री, कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी नाटक-सिनेमाचा वेडा. गुण वेगळे, जाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण प्रत्येकामागे कोठे तरी लेख आहे. दगडावरचा लेख असो, मृत्युपत्र असो, वर्तमानपत्र असो, ग्रंथ असो, की एखाद्या लेखकाने मनापासून लिहिलेली चार पाने असोत. गावाने त्यांना लक्षात ठेवले, कारण गावाच्या हाती कागद होता. मग आम्ही व्यापारी, ज्यांचा जन्मच कागदावर लिहिण्यात जातो, त्यांचा कागद कोठे आहे?

येथे आम्हांस आमचाच दोष सांगावयाचा आहे.

१९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी अध्यक्षस्थानी होते. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकच अधिवेशन. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, ज्यांना लोक कर्नाटककेसरी म्हणत, त्यांनी त्याचा भार उचलला होता. डॉ. हर्डीकरांचे सेवादलाचे स्वयंसेवक राबत होते. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर असे नाव दिले होते, आणि पाण्यासाठी जी विहीर खोदली तिला पंपा सरोवर म्हटले गेले. टिळकवाडीतील ती विहीर आजही आहे. आमचे आजोबा त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. ‘गांधीजींचे भाषण गर्दीत काही ऐकू आले नाही, पण विहिरीचे पाणी पोटभर प्यालो,’ असे ते सांगत.

आमच्या पेढीच्या वह्या तेव्हा मोडीत लिहिल्या जात. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि वहीत मोडी, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्ही मॅट्रिक होऊन १९७७ साली दुकानात बसू लागलो, तेव्हा एके दिवशी वडिलांनी माळ्यावरून लाल कापडी पुठ्ठ्याची एक खतावणी काढून आम्हांस दाखविली. त्यातील एका पानावर अधिवेशनाच्या छावणीस पाठविलेल्या धान्याचे खाते होते. पोती किती, भाव काय, हे आम्हांस आठवत नाही; मोडी आम्हांस येत नव्हती आणि त्या वयात गोडीही नव्हती. वडिलांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले होते, एवढे मात्र आठवते. येणे राहिलेली बाकी आमच्या पणजोबांनी वसूल न करता धर्मादाय खाती टाकली होती. ‘लक्षात ठेव,’ एवढेच वडील म्हणाले, आणि वही पुन्हा माळ्यावर गेली.

पुढे १९८९ साली जुनी कौले उतरवून स्लॅब टाकण्याचे काम काढले. वडील त्याआधीच निवर्तले होते. माळा रिकामा करावयाचा होता. वाळवी लागली होती, धुळीने कामगार खोकत होते, आम्हांस घाई होती. रद्दीवाला आला, त्याने काटा लावला, आणि चार पिढ्यांच्या वह्यांचे एकशे बारा रुपये आमच्या हातावर ठेवले. आम्ही ते त्याच दिवशी इमानाने रद्दी विक्री खाती जमा केले. जन्मभर तोलून माल विकला, पण स्वतःच्या वाडवडिलांचे मोल इतक्या हलक्या काट्यावर केले.

चूक केली हे तेव्हा कळले नाही. ते कळले २०२४ साली, अधिवेशनाची शताब्दी साजरी होत असताना. इतिहासाचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आमच्या दुकानी आली. ती म्हणाली, ‘काका, भाषणे आणि ठराव पुस्तकांत सापडतात. पण एवढ्या माणसांच्या जेवणाचे धान्य कोणी दिले, कोणत्या भावाने दिले, उधार की रोख, हे मला शोधायचे आहे.’ आम्ही मोठ्या उत्साहाने पणजोबांची कथा सांगितली. तिने ऐकून घेतली आणि मग विनयाने विचारले, ‘ती वही पाहायला मिळेल?’ आम्ही गप्प राहिलो. तिने आपल्या टिपणवहीत आमच्या कथेपुढे एकच शब्द लिहिला: ‘ऐकीव’. मुलीचा त्यात काही दोष नाही. पावतीवाचून रक्कम जमा करावयाची नाही, हा नियम आपण आपल्या मुनिमास शिकवितो. तिने तोच आम्हांस लावला.

त्या दिवसापासून आमचे मत पक्के झाले आहे, आणि तेच या लेखाचे प्रयोजन. आपल्या शहराचा खरा इतिहास निम्मा तरी आपल्या माळ्यांवर पडून आहे, आणि तो आपणच दरवर्षी थोडा थोडा विकीत आहोत.

एका जुन्या रोजकीर्दीत काय काय सापडेल, याचा सभासदांनी विचार करावा. रेल्वे येण्यापूर्वी घाट उतरून वेंगुर्ले बंदराकडे माल जाई, तेव्हा गाडीभाडे काय पडे? शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावातून निघालेले पोते हाकेच्या अंतरावर परक्या हद्दीत जाई, त्याचा व्यवहार कसा चाले? दुसऱ्या महायुद्धात धान्यावर नियंत्रण आले, तेव्हा दुकानांवर काय ओढवले? १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले आणि त्यामागोमाग मण-शेर जाऊन किलो आले, तेव्हा खेड्यातल्या शेतकऱ्याची समजूत मापाऱ्याने कशी घातली? गोव्याची नाकेबंदी झाली, १९६१ साली गोवा मुक्त झाला. त्या वर्षांत घाटाखालच्या गिऱ्हाइकांची खाती कशी हलली? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर राजांच्या वंशावळीत मिळणार नाही. ते जमा आणि नावे या दोन रकान्यांतच मिळेल.

यावर काही ज्येष्ठ सभासद आक्षेप घेतील, ते आम्ही ऐकलेले आहेत. पहिला आक्षेप असा की, दान गुप्त असावे. आपली कृत्ये मिरविणे हा मानकषाय होय. हे तत्त्व आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु मग धर्मशाळेच्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचे नाव कशासाठी? प्रत्येक पायरीवर संगमरवरी पाटी कशासाठी? नाव लिहिण्यात आपण कधी मागे राहिलो नाही. मागे राहिलो ते काम लिहून ठेवण्यात. ज्या खतावणीत पणजोबांनी बाकी धर्मादाय खाती टाकली, तिच्यात मिरविणे कोठे होते? ती तर कपाटात बंद होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वहीत गिऱ्हाइकांची उधारी असते, शेतकऱ्यांची कर्जे असतात. कोणाच्या आजोबांनी काय गहाण ठेवले, हे चव्हाट्यावर येऊ नये. हे अगदी रास्त आहे, आणि यासाठी नियम हवाच. पन्नास वर्षांच्या आतील वही कोणास दाखवू नये, आणि त्यापूर्वीच्या वहीतूनही ऋणको कुटुंबाचे नाव छापू नये, एवढे बंधन घातले म्हणजे कोणाच्या अब्रूस धक्का लागणार नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून तो आम्हीच बोलतो. वह्या उघडल्या तर आपली पुण्याईच तेवढी बाहेर येईल असे नाही. टंचाईच्या काळात वखारीस कुलूप लावून भावाची वाट पाहणारेही आपल्याच बाजारात होते. हलके माप देणारेही होते. तेही बाहेर येईल. आमचे म्हणणे असे की, येऊ द्यावे. ज्या वहीत फक्त जमाच आहे आणि नावे काहीच नाही, तिच्यावर कोणता शहाणा हिशेबनीस विश्वास ठेवील? आपण प्रतिवर्षी क्षमापनेच्या दिवशी एकमेकांपुढे हात जोडतो. गावापुढे एकदा हात जोडावयास काय हरकत आहे?

आणि लिहून जतन करणे ही गोष्ट आपल्या धर्मास परकी थोडीच आहे! श्रुतपंचमी आपण कशासाठी पाळतो? मुखपाठाची परंपरा क्षीण होऊ लागली, तेव्हा धरसेन आचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींस ज्ञान दिले, आणि षट्खंडागम ग्रंथरूपास आला, त्याची ती तिथी. पुढे त्यावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके बंद राहिल्या. त्यांची नक्कल व्हावी, त्या जगापुढे याव्यात, अशी तळमळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांना लागली, त्यांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद हे होते. दोघेही व्यापारी. त्या खटपटीस फळ यावयास पुढची पिढी लागली, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या कामी आपल्या सदलग्याच्या डॉ. उपाध्ये यांचेही साहाय्य होते. शास्त्र आणि चोपडी यांची बरोबरी करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. सांगावयाचे ते इतकेच की, वाळवीच्या तोंडून कागद काढणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणू नये. आपल्याच वडीलधाऱ्यांनी ते करून दाखविले आहे.

म्हणून संघापुढे आमची सूचना अशी. संघाच्या इमारतीत एक कोरडी खोली आणि दोन लोखंडी कपाटे या कामासाठी राखावीत. कोणत्याही सभासदाने जुनी वही, हुंडी, पावतीपुस्तक, भावपत्रक अथवा पत्रव्यवहार रद्दीत घालण्यापूर्वी संघास कळवावे. आलेल्या प्रत्येक वहीस क्रमांक देऊन पोच द्यावी. मालकी ज्याची त्याची राहावी. आपल्या तरुणांपैकी दोघातिघांनी मोडी शिकावी, त्याचा खर्च संघाने सोसावा. जे वृद्ध आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्यात केवळ पेढीवाल्यांना न बसविता हमाल, मापारी, गाडीवान आणि मुनीम यांनाही मानाने बोलवावे. पोत्याचे वजन त्यांच्या पाठीला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि दरवर्षी श्रुतपंचमीस, जशी आपण शास्त्रभांडारातील ग्रंथांची वेष्टने सोडून ते ऊन-वारा दाखवून पुन्हा बांधतो, तशीच या वह्यांचीही झाडलोट करावी. यास फार पैसा लागणार नाही. स्मरणिकेतील पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांची चार पाने कमी केली, तरी पहिल्या वर्षाचा खर्च निघेल. या सूचनेने कोणी रागावू नये. त्या पानांत आमचेही छायाचित्र आहे.

पहिली वही आम्हीच देणार होतो, पण ती आमच्याजवळ नाही. वडिलांच्या हातच्या, १९७२ च्या दुष्काळी वर्षाच्या दोन रोजकीर्दी दुकानाच्या कपाटात राहिल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या आम्ही कापडात बांधून ठेवल्या आहेत. संघाने खोली उघडली, त्या दिवशी त्या तेथे येतील. त्यात वडिलांनी केलेले बरेवाईट जसेच्या तसे आहे. आम्ही त्यात एका अक्षराचाही फेरफार केलेला नाही.

आठशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यांनी आपला ठराव दगडावर कोरून घेतला. आपणास दगड फोडावयाचा नाही. आहे तो कागद टाकावयाचा नाही, इतकेच करावयाचे आहे. पुन्हा एखादी मुलगी हाती टिपणवही घेऊन आपल्या दुकानाची पायरी चढेल, तेव्हा तिला ‘ऐकीव’ असे लिहावे लागू नये, हीच सभासद बंधुभगिनींस विनंती. लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, आपल्या धंद्याच्या रीतीप्रमाणे, चूकभूल देणे घेणे.

जय जिनेंद्र.

— एक सभासद, धान्याचे घाऊक व्यापारी, बेळगाव